कडेची जागा

“ताई, या कॅमेऱ्याचा फोटो आडवा रुंद येतो, म्हणून एका रोलमध्ये चारच निघतात हं,” जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानदाराने बजावलं. “एवढा लांबलचक फोटो हवाय कशाला?”

“आई मावायला हवी,” म्हणत चारुताने तो विटेसारखा जड कॅमेरा पिशवीत घातला.

घरातल्या प्रत्येक लग्नात आई पंगतीत वाढत असायची. ग्रुप फोटोसाठी हाका मारल्या की हात पुसत सगळ्यांत शेवटी कडेला येऊन उभी राहायची आणि अर्धीच कापली जायची.

मावसभावाच्या लग्नात मंडळी सवयीने दाटीवाटीने उभी राहिली. “कुणी आत सरकायचं नाही! ऐसपैस उभे राहा!” चारुता ओरडली.

फोटो धुऊन आला. आई अंबाड्यापासून चपलेपर्यंत अख्खी होती, शिवाय तिच्या शेजारी चौघांपुरती जागा मोकळी.

ते पाहून आईने कपाळावर हात मारला. “अगं, एवढी जागा होती तर आधी सांगायचंस की! वाढणाऱ्या सगळ्याजणींना ओढत आणलं असतं!”