शिकागोची झोप, देवासचं लग्न

टेकडीवरच्या देवीची शपथ, एक अक्षर खोटं नाही. त्र्याऐंशी साली माझा भाचा रणजित सकाळी शिकागोहून देवासला पोचला आणि दुपारी बोहल्यावर उभा राहिला. शरीर मांडवात होतं, पण मेंदूत तिथली मध्यरात्र होती. मंगलाष्टकं सुरू होताच अंतरपाटामागे तो उभ्याउभ्या, सुरात घोरू लागला. मामा म्हणून मी पाठीशी होतो; नारळाने ढोसलं, तरी ढिम्म. मुलीचे वडील मानसिंगराव माझ्या कानाशी गुरगुरले, "क्यों भिया, नवरदेव पिऊन आलाय? मुलगी परत नेतो!" "विमानाची झोप आहे हो," मी म्हणालो. अंतरपाट सरला. रणजितने डोळे मिटूनच हार घातला तो भटजींना. मानसिंगरावांनी मुलीचा हात धरला. नवरीने, जयवंतीने, तो सोडवला, भटजींच्या गळ्यातला हार काढून स्वतःच्या गळ्यात घातला, रणजितला आपला चढवला आणि मला म्हणाली, "मामासाहेब, जागे झाले की सांगा, लग्न लागलं."