चंदनभाभींचं ताट

“सिस्टर, नाताळाला तू पाठवलेली एक करंजीसुद्धा मी कधी खाल्ली नाही.” एवढं एक वाक्य बोलायला चंदनबाई सलोमी सिस्टरच्या दारात उभ्या होत्या, आणि ते काही केल्या तोंडातून फुटत नव्हतं.

संवत्सरी कालच झाली होती. जैन घरांतून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत एकमेकांची माफी मागणं चाललं होतं. चंदनबाईंनी दूधवाल्याची मागितली, सुनेची मागितली, नाक मुरडणाऱ्या विहीणबाईंचीसुद्धा फोनवर मागितली. राहिली ती एकच. आणि परवा तर त्यांचा मुलगा जिनेश त्यांना जळगावच्या नव्या घरी घेऊन जाणार होता. धुळ्याची ही गल्ली सुटणार, सलोमी सुटणार. आता नाही बोललं तर कधी बोलायचं? आणि बोललं तर अडतीस वर्षांची मैत्री मातीत जायची.

सलोमी वळवी मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. गल्लीत राहायला आल्या त्याच वर्षी नाताळाला त्यांनी शेजारी ताट पाठवलं. करंज्या, चकल्या, रव्याचे लाडू. चंदनबाईंच्या सासूनं बघताक्षणी फर्मान काढलं, “त्या घरात अंडं शिजतं. आपल्याला चालायचं नाही.” ताट मागच्या दारानं भांडी घासणाऱ्या भिकुबाईकडे गेलं. दुसऱ्या दिवशी सलोमींनी विचारलं, “कशा झाल्या करंज्या?” चंदन तेव्हा नवीन सून. बोलून गेली, “अगं, काय खुसखुशीत!”

झालं! तिथंच फसल्या बाई. पुढं सासू गेली, तरी खरं सांगायचं धाडस होईना. मग दर नाताळाला भिकुबाईला हळूच विचारायचं, “काय गं, चकली कशी होती?” आणि तिचं उत्तर सलोमींना आपलं म्हणून ऐकवायचं. एका वर्षी तर “यंदा लाडवात वेलची जरा जास्त झाली” अशी खोडसुद्धा काढली. काय म्हणावं या बाईला!

आणि सलोमी कशा? जिनेशला लहानपणी टायफॉइड झाला, तेव्हा ड्यूटीवरून घरी न जाता आधी त्याला सुई द्यायला येणाऱ्या. चंदनबाईंचे यजमान प्रकाशचंद गेले, तेव्हा महिनाभर रोज जवळ येऊन बसणाऱ्या. ओट्यावर दोघींनी मिळून तुरीच्या किती शेंगा सोलल्या, किती सुनांची उणीदुणी काढली!

“भाभी, दारात का उभ्या? या ना आत,” सिस्टर म्हणाल्या.

चंदनबाई आत गेल्या, पण बसल्या नाहीत. हात जोडले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. सासू, अंडं, मागचं दार, भिकुबाई, वेलची. डोळ्यांना धार लागली होती.

“माफ कर मला, सिस्टर. तू एवढ्या प्रेमानं पाठवायचीस आणि मी...”

सिस्टरनी चंदनबाईंचे जोडलेले हात आपल्या हातात घेतले.

“मला पहिल्याच वर्षी कळलं होतं, भाभी. भिकुबाईची पोरं मागच्या बोळात माझ्याच करंज्या खात बसली होती.”

“अगं बाई! मग अडतीस वर्षं कशाला पाठवत राहिलीस?”

“दुसऱ्या वर्षी त्या पोरांसाठी मी वेगळं ताट घेऊन गेले. भिकुबाईनं परत पाठवलं. म्हणाली, ‘नको सिस्टर, लोके म्हनतीन बाटी गयी.’ ख्रिस्ती घरचं घेतलं तर लोक बाटली म्हणतील, ही तिला भीती. तुमच्या घरचं मात्र ती डोळे मिटून घ्यायची. आधी पोरांसाठी, आता नातवंडांसाठी.” सिस्टर हसल्या. “प्रभूनं भुकेल्याला द्यायला सांगितलंय. आपल्याच नावानं द्या, असं कुठं सांगितलंय?”

चंदनबाई रडायच्या थांबल्या. “म्हणजे ते ताट माझं नव्हतंच?”

“पहिल्या वर्षीचं तेवढं तुमचं. पुढं दर नाताळाला चर्चमध्ये गुडघे टेकले की मी आधी एकच मागायची, देवा, यंदाही भाभींना खायची बुद्धी देऊ नको.”