गुणी कपाट

"वहिनी, म्हातारीला खरंच बाहेर काढायची?" दिराने पुन्हा विचारलं.

म्हातारी म्हणजे तापाच्या प्रयोगशाळेतली, आजारी मुलांच्या रक्ताच्या कुप्या गोठवून ठेवायची जुनी पेटी. ती अशी घरघरायची की शेजारच्या खोलीत फोनवर बोलणाऱ्याला ओरडावं लागे. वर खोलीत उकडून निघायचं ते वेगळंच. पण इतक्या वर्षांत तिने एकदाही दगा दिला नव्हता. दिराचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान होतं. म्हातारी कण्हायला लागली की त्याची वहिनी, म्हणजे बाई, त्याला फोन करत आणि तो हातातलं काम टाकून येई. येणारच. पेटीतली पहिली कुपी त्याच्या मुलीच्या रक्ताची होती. ती वाचली, आता कॉलेजात जाते आणि बापाशी वाद घालते. बाकीच्या कुप्यांतली सगळीच मुलं वाचली नव्हती.

बाई या प्रयोगशाळेच्या प्रमुख. खर्च परदेशातली एक संस्था उचलायची. तिथले शास्त्रज्ञ आणि बाई मिळून या तापावर लस शोधत होते आणि दर वर्षी बाई इथून गोठवून जिवंत ठेवलेल्या जंतूंच्या थोड्या कुप्या तिकडे पाठवत. मध्यंतरी संस्थेने कुप्यांसाठी एक नवंकोरं कपाट भेट दिलं. बाईंनी त्यावर चादर टाकून ते कोपऱ्यात ढकललं आणि तिकडे 'वापरात आहे' असं बिनदिक्कत कळवून टाकलं. नवं कपाट बिघडलं तर त्याचा कारागीर विमानाने यायचा. म्हातारीचा कारागीर स्कूटरवरून येत होता.

आता संस्थेचे साहेब स्वतः येणार होते. मदत पुढे चालू ठेवायची की नाही, हे ते या भेटीनंतर ठरवणार, अशी बाईंची समजूत होती. चादरीखालचं कपाट त्यांना दिसलं असतं तर बाईंचं पितळ उघडं पडलं असतं. मदत गेली की प्रयोगशाळेला कुलूप आणि कुलूप लागलं की कुप्या कचऱ्यात. या धास्तीने बाईंना दोन घास धड जात नव्हते.

"काढायची, भावजी," त्या म्हणाल्या. "मलाही बरं वाटत नाहीये. पण काढायची."

दिराने नवं कपाट सुरू केलं. ते पुरतं गार होईपर्यंत वाट पाहिली. दारावर आकडा उमटला, उणे ऐंशी. मग बाईंनी म्हातारीचं झाकण शेवटचं उघडलं. नेहमीसारखी पांढरी वाफ उठली आणि चष्मा धुरकटला. तो पुसत पुसत त्यांनी कुप्यांचे खोके एकेक करून हलवले. नव्या कपाटानेही दार उघडताच चष्म्यावर तशीच वाफ सोडली, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी वीज जाऊन आली तेव्हा कपाटाने टीं टीं केलं. कारकुनाने दारावरचं एक बटण दाबलं, तसं ते गप्प झालं. आकडा पाहिला तर उणे ऐंशीच होता. नवीन आहे, रुळेल हळूहळू, असं म्हणत कारकून चहाला गेला.

संध्याकाळी दीर म्हातारीला न्यायला आला. असलं महागडं यंत्र त्याने याआधी कधी हाताळलं नव्हतं. त्याने कपाटाला कान लावला आणि मान डोलावली. कुरकुर नाही, धुसफुस नाही, किती गुणी आहे हो, म्हणाला. आमच्या घरात एक तरी माणूस असं असतं तर, असंही पुटपुटला. मग म्हातारीला टेम्पोत घालून घेऊन गेला. त्याच आठवड्यात तिचे भाग सुटे होऊन विकलेही गेले.

प्रयोगशाळेला शांततेची चटक लागली. खोली गार वाटू लागली, फोनवर हळू बोललं तरी ऐकू जाऊ लागलं. उगाच इतकी वर्षं घरघर सोसली, असं बाईंनाही वाटून गेलं. दार सारखं उघडू नये असं कपाटाच्या पुस्तकात होतं, म्हणून त्यांनी दारावर तशी पाटी लावली. येता-जाता त्या आकडा तेवढा पाहत.

साहेब आले. पांढऱ्या केसांचे, हळू बोलणारे. सूक्ष्मदर्शकं पाहिली, सगळ्यांची विचारपूस केली, चहा घेतला. शेवटी ते कपाटापुढे उभे राहिले.

"तुमची जुनी पेटी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"काढून टाकली," बाई ठासून म्हणाल्या. "आमचं सगळं यातच असतं."

साहेब खुर्ची ओढून बसले. मदत वाढवायचं तर निघण्याआधीच ठरलं होतं, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "ही कपाटं आम्ही ज्यांना ज्यांना दिली, त्यांच्या कुप्यांतलं सगळं मेलं. फक्त तुमच्याकडून आलेलं जिवंत निघतं. तेव्हाच मी ओळखलं, तुम्ही हे वापरत नाही. तुमची पेटी पाहून तशाच सगळीकडे द्याव्यात, म्हणून आलो होतो."

बाईंनी विचारलं, "पण यात बिघाड काय आहे?"

"वीज जाऊन आली की यंत्र बंद पडतं. दारावर मात्र आपण मागितलेला आकडा दिसत राहतो. बाकी सगळ्यांना तसं कळवलं. तुम्हाला कळवायची गरज वाटली नाही."

बाईंनी दाराकडे पाहिलं. उणे ऐंशी. त्यांनी पाटी बाजूला केली, दोन्ही हातांनी दार ओढलं आणि नेहमीच्या सवयीने चेहरा आत नेला.

चष्मा स्वच्छच राहिला.