जनकोजीरावांची तपासणी

मुनियम्मा आयेनं कांजीची वाटी हातभर लांब ठेवली आणि ती चालती झाली.

"उचलून प्या," ती दारातून म्हणाली.

जनकोजीरावांनी वाटीकडे पाहिलं, आयेच्या पाठीकडे पाहिलं आणि मनातल्या मनात आणखी एक शेरा मारला. याला म्हणे शुश्रूषा! गोठ्यातल्या म्हशीलासुद्धा लोक वैरण तोंडाशी टाकतात.

त्यांना स्वतःला काहीही झालेलं नव्हतं. डावा हात, डावा पाय, दोन्ही ठणठणीत. पण मद्रासच्या ऑडिट कचेरीत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. तपासनीस येणार म्हटलं की सगळी दप्तरं लखलखीत होतात. म्हणून आठ दिवसांची रजा काढून, अर्धांगाचं सोंग घेऊन ते किलपाकच्या या शुश्रूषालयात दाखल झाले होते. डॉक्टर कृष्णस्वामींना सोंग ओळखता आलं नाही. जनकोजीरावांचं निम्मं मत तिथंच बनलं.

प्रश्न आईचा होता. सव्वा वर्षापूर्वी गोदाबाईंची डावी बाजू गेली, तेव्हापासून त्या ट्रिप्लिकेनच्या घरात अंथरुणावर होत्या. जनकोजीराव आईला हातानं भरवत, कुशीवर वळवत, पाणी पाजताना मान धरत. दिवसभराची उचलाउचल मात्र त्यांच्या बायकोच्या, चंद्रिकाच्या वाट्याला होती.

"माझी पाठ मोडली आता," चंद्रिका म्हणाली होती. "पोंगलचा सण झाला की त्यांना किलपाकला ठेवा. नाहीतर मला ठेवा."

तेव्हा आईला इथं ठेवायचं की नाही, एवढंच ठरवायचं होतं. आईला त्यांनी त्रिचीला दौऱ्यावर जातोय असं सांगितलं. खरं काय ते फक्त चंद्रिकाला माहीत होतं.

आणि काय पाहिलं त्यांनी? रसम म्हणजे कोमट पाणी. व्यायामाच्या खोलीत एक नावाजलेला वकील लुळ्या बोटांनी चिंचोके वेचत बसलेला. शेजारच्या खाटेवरचे म्हातारे तहसीलदार परवा चालताना पडले, तर डॉक्टर हाताची घडी घालून उभे!

"तुमचं तुम्ही उठा," डॉक्टर म्हणाले.

बिचारे पाव घटका धडपडले आणि उठले. आया तर टाळ्या वाजवत होत्या. लाज नावाची वस्तू या इमारतीत कुणी आणलेलीच दिसत नव्हती.

पाचव्या दिवशी निकाल ठरला. आई इथं येणार नाही. मरेपर्यंत आपणच तिला उचलू. चंद्रिकाला काय बोलायचं ते बोलू दे.

चूक एकच झाली होती. खोटं लिहायची हाताला सवय नाही, म्हणून दाखल होताना अर्जावर त्यांनी घरचा खरा पत्ता लिहिला. शुश्रूषालयानं शिरस्त्याप्रमाणे पहिल्याच दिवशी घरी पत्र टाकलं: रोग्याची डावी बाजू गेली आहे, येऊन भेटावे.

सहाव्या दिवशी सकाळी बाहेर टांगा थांबला आणि व्हरांड्याच्या पायऱ्यांवर काहीतरी घासत आल्याचा आवाज झाला. जनकोजीरावांनी मान वळवली.

दारात आई उभी होती. आपल्या पायांवर. उजवा हात भिंतीला, आणि डाव्या हाताच्या बोटांत जेवणाच्या डब्याची कडी. मागं चंद्रिका होती. तिनं सासूला धरलेलं नव्हतं. तिनं नवऱ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं.

"अय्यो, जनकोजी! असं काय झालं रे तुला?" आई धापा टाकत खाटेच्या कडेवर टेकली. "ह्या पाप्यांनी कांजी दिली? माझ्या लेकराला कांजी?"

"अम्मा, तू... चालत?"

"मग काय करू? पत्र आलं तवापास्नं उठायचा सराव चाललाय माझा. ही एकटी पोर काय काय करील? आ कर!"

तिनं ताकभाताचा घास केला. निम्मा सांडला, निम्मा तोंडात गेला.

"रोज येणार मी," ती म्हणाली. "तू उठून चालेस्तवर."

तेवढ्यात डॉक्टर कृष्णस्वामी फेरीवर आले. त्यांनी जनकोजीरावांचा गुडघा चाचपला आणि ते हसले.

"उत्तम सुधारणा आहे. आजच घरी जाता येईल. डावा पाय उचला पाहू."

जनकोजीरावांनी आईच्या पावलांकडे पाहिलं. सव्वा वर्षानं त्या पावलांना धूळ लागली होती.

"हलत नाही हो डॉक्टर," ते म्हणाले. "अजून दोनतीन महिने तरी मला इथंच राहावं लागेल."