फोन ठेवू नको

शिट्टी केवलरामला ऐकूच आली नाही. हवालदार बिसेन लाठी आडवी धरून तिरोडा रस्त्याच्या मधोमध आला, तेव्हा कुठे त्याने ब्रेक दाबला. मोटारसायकल फरफटत जाऊन तिरपी उभी राहिली. केवलरामच्या डोक्याला गमछा करकचून बांधलेला होता आणि त्यात कानापाशी फोन खोचलेला. गाडी थांबली तरी तो बोलतच होता.

"ऐकून राहिली ना बेटा? बोल. काहीही बोल. मी आलोच."

बिसेनने आधी चावी काढून घेतली. "मशीनवर शंभराच्या वर दाखवते तुमची गाडी. हेल्मेट नाही, वरून फोन. मरायचं आहे काय काका?"

"चावी द्या साहेब." केवलरामने त्याच्याकडे न बघताच हात पुढे केला. "गुंजन, पाण्यापासून मागं हो. माझी शपथ आहे तुले."

"आधी तो फोन बंद करा."

"नाही करत."

बिसेन चिडला. त्याने गमछ्यात हात घातला. केवलरामने ते मनगट दोन्ही हातांनी धरलं. पन्नाशी उलटलेला, धानाच्या बांधीत राबलेला माणूस, पकड घट्ट होती.

"साहेब, मले मारा. आत टाका. गाडी ठेवून घ्या. फोन नका कापू. पोरगी बोदलकसा तलावाच्या पाळीवर, बांधावर उभी आहे, पाण्याच्या तोंडाशी. मी बोलून राहिलो म्हणून थांबली आहे."

"रोज एक नवीन बहाणा ऐकतो मी," बिसेन म्हणाला आणि फोन ओढून काढला.

केवलराम मटकन रस्त्यावर बसला. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून पोलीस गाडीपाशी उभी असलेली शिपाई दुर्गेश्वरी पळत आली. बिसेनचा अंगठा अजून लाल खुणेवर टेकला नव्हता. तिने त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि कानाला लावला. आधी नुसता वारा. मग बारीक रडणं. मग, "बाबा, तुमचा आवाज नाही येऊन राहिला. ठेवतो मी."

"ठेवू नको," दुर्गेश्वरी म्हणाली.

दुर्गेश्वरीने बिसेनकडे पाहून होकाराची मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"मी दुर्गेश्वरी. पोलीस आहे. तुझ्या बाबाले पकडलं आम्ही. हो, खरंच. गाडी जोरात आणून राहिले होते." ती बोलता बोलता केवलरामला दंडाला धरून उठवत होती. "काय म्हणते? चाळीसच्या वर नाही जात? आज शंभराच्या वर होते बाई. इथं रस्त्यावर बसून रडून राहिले."

केवलरामला पोरीचं काहीच ऐकू येत नव्हतं. तो दुर्गेश्वरीच्या तोंडाकडे बघत राहिला.

"नाही, तसं नाही सोडता येत. तू म्हणतेस म्हणून सोडू काय? तुझ्यासमोर आणतो त्याइले, मग सोडतो. पण तू खाली बस आधी. बसली? पाण्याकडं पाठ कर. हं. आता सांग, तुझ्याजवळ सावली आहे काय?"

तिघंही पोलिसांच्या गाडीत बसली. बिसेनने गाडी हाणली, ती केवलरामच्या वेगाच्याही वर. सायरनकडे त्याचा हात गेला, तसा दुर्गेश्वरीने मागून त्याचा खांदा दाबला. त्याने हात मागे घेतला.

दुर्गेश्वरी बोलत होती. ज्या स्कूटीवर आली ती कोणत्या रंगाची आहे, सकाळी काय खाल्लं, आईला मोहाचं लोणचं जमतं की आंब्याचं. मधेच ती बराच वेळ नुसती ऐकत राहायची आणि "हं" म्हणायची.

"उद्या तिच्या सासरचे न्यायले येऊन राहिले," तो एकदम बोलला. कोणी विचारलं नव्हतं. "ती नाही म्हणत होती. पाठीवरचे वळ दाखवले तिनं आईले. तरी मीच म्हटलं, एकदा जाऊन तर पाह्य."

बिसेनने आरशात पाहिलं आणि नजर पुन्हा रस्त्यावर आणली. दुर्गेश्वरीने फोन केवलरामच्या तोंडापुढे धरला.

"सांगा तिले."

त्याने फोनकडे पाहिलं. तिने फोन तसाच धरून ठेवला.

"नाही पाठवत बेटा," तो शेवटी म्हणाला. "कोणी येवो. मी दारात उभा राहीन. नाही पाठवत."

बोदलकसाला बिसेनने गाडी लांबच, झाडांच्या आड उभी केली. पाळीवर उन्हात स्कूटी दिसत होती. तिच्यापलीकडे, दगडांवर, गुंजन. फोन कानाला होता. पाणी तिच्या पाठीमागे दोन हातांवर होतं.

केवलराम दार उघडून धावणार, तेवढ्यात दुर्गेश्वरीने त्याचं कोपर पकडलं. फोन हाताने झाकून ती हलकेच म्हणाली, "पळू नका काका. बाजारातून घरी येऊन राहिल्यासारखे चला."

तो चालला. पाळीवरचा मुरूम तापलेला होता. एवढीशी वाट, पण सरता सरेना. गुंजनने त्याला येताना पाहिलं. ती उठली नाही. तो जवळ आला, तसा तिने कानाचा फोन खाली घेतला. त्याच्या तोंडाकडे तिने पाहिलं नाही. ती त्याच्या पायांकडे बघत होती.

"बाबा, चपला कुठी गेल्या तुमच्या?"

केवलरामने खाली पाहिलं. त्यालाही माहीत नव्हतं. तो दगड उतरला आणि तिच्या अन् पाण्याच्या मधे जाऊन बसला.