दोन आखूड, एक लांब

नातीच्या वाढदिवसाला सुतार खिशात स्क्रू ड्रायव्हर घेऊन हॉलमध्ये आला. गेल्या हिवाळ्यात याच हॉलमधल्या गर्दीतून त्याची बायको ताप घेऊन घरी आली होती, आणि त्यातच गेली. एसीची हवा बाहेर जाऊ नये म्हणून इथल्या सगळ्या खिडक्या स्क्रू मारून बंद केलेल्या होत्या.

"बाबा, आज तरी सुतारकी नको," मुलगी म्हणाली.

"लोक अहेर घेऊन येतात, आमचे व्याही हत्यारं घेऊन येतात," व्याही हसले.

"हसा. पण खिडक्या मी उघडणारच."

पहिला स्क्रू निघाला आणि मागे कोणीतरी खोकलं. दोन आखूड, एक लांब. त्याचा हात थांबला. त्याची बायको अशीच खोकायची.

वळून पाहिलं, तर व्याही तोंड पुसत होते. मग तोच खोकला विहीणबाईंच्या घशातून आला, मग शेजारच्या तरण्या पोराच्या. आवाज तोच, थकलेल्या बाईचा. कोणाचंच लक्ष नव्हतं. एकेक खुर्ची ओलांडत तो खोकला केककडे निघाला होता, आणि तिथे नात उभी होती.

सुतार गर्दीत घुसला. नातीला उचलून तो थेट बाहेर अंगणात आला आणि पाठीने दार लोटलं. आतला खोकला थांबला.

"हिला नाही नेऊ देणार," तो म्हणाला आणि तिचा गाल आपल्या गालाशी घट्ट धरला.

मग त्याला ठसका लागला. दोन आखूड, एक लांब.

नातीने मान मागे घेतली, त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि आनंदाने विचारलं,

"आजी, तू कधी आलीस?"