वेळेवर आलेला रिपोर्ट

चीनमधल्या आमच्या श्यामन शहरात सध्या मोबाईलवर कालचा कोरोना रिपोर्ट असल्याशिवाय दवाखान्यात पाऊल ठेवू देत नाहीत. बाबांना तर डायलिसिसला न्यावंच लागतं. म्हणून आम्ही रोज पहाटे तपासणीच्या मांडवाखाली रांग लावतो. दहा जणांच्या घशात फिरवलेल्या काड्या एकाच नळीत कोंबतात आणि रिपोर्ट असा रमतगमत येतो, की येईपर्यंत शिळा झालेला असतो. गेल्या खेपेला दवाखान्याच्या दारावरच्या फांगबाईंनी आम्हाला परत पाठवलं, वर ऐकवलं, "ताई, तुम्हीच टेस्टला टाळाटाळ करत असणार." बाबांचे पाय भोपळ्यासारखे सुजले होते.

काल वादळ आलं. तपासणीचा मांडव उडून खाडीत गेला, काड्या फिरवणारे पांढऱ्या सूटवाले फिरकलेसुद्धा नाहीत. इकडे बाबांना धाप लागलेली. मी कपाळाला हात लावून बसले.

आणि संध्याकाळी, जेवायच्या आत, अख्ख्या इमारतीच्या मोबाईलवर रिपोर्ट हजर. सगळे निगेटिव्ह!

वरच्या पेंगआजींनी ग्रुपवर विचारलं, "अरे, पण माझं तोंड उघडून बघितलं कुणी?"

सगळे त्यांच्यावर तुटून पडले. "आजी, गप्प बसा! इमारतीला कुलूप लावून घ्यायचंय का?"

आज सकाळी फांगबाईंनी बाबांचा मोबाईल नीट न्याहाळला आणि हसून दार उघडलं.



"बघा ताई, नियमाने टेस्ट केली की रिपोर्ट कसा वेळेवर येतो!"